हेडक्लार्कचा तिसरा अर्ज

वकिलांच्या त्या ऑफिसात एकोणीस वर्षं काढल्यावर ताईला एका दुपारी घरी पाठवलं. पक्षकारांची पत्रं तिच्या कॉम्प्युटरवरून बाहेर फुटली होती. बाई निष्काळजी आहेत, असं हेडक्लार्कने चौकशीत सांगितलं आणि विषय तिथेच मिटला.

धाकटी बहीण त्याच ऑफिसात कॉम्प्युटर विभागात होती. तिने ताईचं मशीन तपासलं. ब्राउझरमध्ये शुद्धलेखन सुधारणारं एक प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, होतं, त्याला उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी होती, आणि वाचलेलं सगळं कुठल्यातरी परक्या कंपनीकडे जात होतं. ते समोरच्या टेबलावरच्या हेडक्लार्कनेच बसवून दिलं होतं, तुमच्या चुका काढून थकलो म्हणत, असं ताईने सांगितलं. पण नोंदीत नुसती तारीख होती. हात कुणाचा, ते नव्हतं.

धाकटीने आदळआपट केली नाही, काय सापडलं ते ऑफिसात कुणाला सांगितलंही नाही. प्लगइनच्या परवानग्यांचं काम मागून घेतलं आणि एका सोमवारी सगळ्यांची सगळी प्लगइन बंद करून टाकली. ज्याला हवं त्याने अर्ज करायचा.

हेडक्लार्कचं अकरा प्लगइनवाचून पान हलेना. तो तिच्या टेबलापाशी आला. तिने बसा म्हटलं नाही. पहिला अर्ज कारण लिहिलं नाही म्हणून परत, दुसरा सही नाही म्हणून. तिसऱ्या खेपेला तो भडकला.

"मी हे कधीपासून वापरतोय. मला शिकवतेस?"

"मग तसंच लिहा ना, साहेब. कुठल्या कॉम्प्युटरवर, कधी बसवलंत, सगळं लिहा. अनुभव दिसला की मंजुरीला अडचण नाही."

त्याने ऐटीत लिहिलं: शुद्धलेखनाचं प्लगइन मी स्वतः गेल्या वर्षी माझ्या आणि समोरच्या टेबलावरच्या बाईंच्या कॉम्प्युटरवर बसवलं, काम उत्तम. खाली झोकदार सही.

तो कागद आणि ताईच्या मशीनची नोंद तिने ऑफिसच्या मालक वकीलबाईंपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं आणि त्याला आत बोलावलं. दहा मिनिटांनी तो बाहेर आला तो सामान आवरायलाच. जाताना धाकटीपाशी थांबला.

"फसवलंस मला."

"मी फक्त विचारलं. ताईला तेवढंही कुणी विचारलं नव्हतं."

ताईला माफीचं पत्र आलं, परत या म्हणून. तिने ते घडी करून बाजूला ठेवलं. जाणार नाही म्हणाली.

"रडला का गं तो?"

"नाही."

"मग तोंड कसं झालं होतं ते सांग. नीट सांग."

धाकटीने सांगितलं. जेवणं झाल्यावर ताईने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.