डाव्या हाताचं बटण

चांगदेवानं सकाळपासून तिसऱ्यांदा अकॉर्डियन उघडलं, तेव्हा मात्र इंद्रायणीचं डोकं फिरलं. ओसरीभर स्क्रू, बटणांखालच्या पातळ काड्या, तेलाची बाटली, आणि काड्या घासायला घेतलेला तिचाच दातांचा ब्रश.

"त्या डब्याशीच लगीन लावायचं व्हतं," ती म्हणाली. "निदान दोन वक्ताला भाकरी तरी मागितली नसती त्यानं."

एरवी असल्या टोमण्यावर तो दुप्पट फेड करायचा. आज मान वर केली नाही. पंधरा वर्षं तो गेणभाऊच्या बँडात अकॉर्डियन वाजवत होता. लग्नसराईत आळेफाट्यापासून घोडेगावापर्यंत वराती त्याच्या भात्यावर नाचायच्या. पण यंदा तीन लग्नांत डाव्या हाताचं एक बटण अडकलं. बटण आत राहिलं की भाता हलेल तोवर त्याचा जाडाभरडा सूर घोंगावत राहतो आणि अख्ख्या गाण्याची माती करतो. मंचरला तर वऱ्हाडातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. गेणभाऊनं सगळ्यांदेखत सांगितलं, उद्या येडगावच्या वरातीत असं झालं तर परवापासून तुझ्या जागी कॅसिओवाला आणीन. सत्त्याण्णव सालात कॅसिओवाले पैशाला पासरी झाले होते, त्यामुळे ही नुसती धमकी नव्हती.

चांगदेवानं काड्या पुसल्या, सरळ केल्या, पत्र्याची जाळी बसवून चारी स्क्रू आवळले. डावा हात पट्ट्यात घालून वाजवायला लागला. दोन ओळी झाल्या आणि तो सूर पुन्हा घोंगावायला लागला.

"हितं ये जरा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "हात पट्ट्यात गेला की मला ही बाजू दिसत न्हाई, समदं बोटांच्या अंदाजावर. कंचं बटण आत ऱ्हातंय ते तू बघ."

इंद्रायणी त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसली. त्यानं भाता ओढला. बटणं उंदरांसारखी भराभर आत-बाहेर होत होती. अडकलेलं तिला लगेच दिसलं. त्याच्यावर चांगदेवाची करंगळी वाकून दाबून बसली होती.

"माझी थट्टा करताय व्हय?"

"कसली थट्टा? कंचं हाय ते बोल की!"

तिनं दोन बोटांनी ती करंगळी उचलून धरली. सूर थांबला.

"सुटलं!" चांगदेवाचा चेहरा एकदम उजळला. "काय केलंस गं? कुठं दाबलंस?"

करंगळी अजून तिच्या हातात होती. तिनं त्या बोटात नख रुतवलं, चांगलं खोल. तो भाता ओढत हसतच होता.

इंद्रायणीनं हळूच नख काढलं. तळेघरला, तिच्या माहेरी, सावळेराम चुलत्याचं दुखणं बधिर हातापासून असंच सुरू झालं होतं. महारोग म्हणून त्याला गोठ्यामागं ठेवलं. त्याची भाकरी ती स्वतः काठीनं पुढं सरकवायची, आठ वर्षांची असताना. तिला त्या काठीची आत्ता इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. चांगदेवाच्या कोपराजवळचा फिकट चट्टाही तिनं पाहिला होता. गजकर्ण आहे म्हणाला, तिनं मानलं होतं.

"बटणं चांगली हायती," ती म्हणाली. "तुमची करंगळी उचलत न्हाई. माझ्या हातात हाय ती आत्ता."

भाता थांबला.

"हळू बोल," चांगदेव म्हणाला.

म्हणजे याला माहीत होतं. तिला त्याचा भयंकर राग आला.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं बधिर हाय. पर मला वाटलं, बटणच..."

"उद्याचं ऱ्हाऊ द्या. सरकारी दवाखान्यात चला. गोळ्या देत्यात, बरं व्हतं आता. ती घरोघर चट्टे तपासायला आलेली दवाखान्याची बाई सांगत व्हती."

"आन् नाव लिहून घेत्यात. मग घरी येत्यात इचारायला. गावाला कळल्यावर गेणभाऊ मला त्याच्या टेम्पोत बसवंल? तुझ्या चुलत्याशेजारी कोण बसलं व्हतं?"

तिनं तेलाच्या बाटलीला बूच लावलं.

"येडगाव झाल्यावर जाऊ," तो म्हणाला. "तुझ्या गळ्याची शपथ. उद्यापुरती करंगळी शेजारच्या बोटाला बांध. काय झालं इचारलं तर दारात चेंगरली म्हणू."

तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला. दोन्ही बोटं जवळ घेऊन चिंधी गुंडाळली आणि सवयीनं विचारलं, "लई आवळलं का?"

चांगदेवानं मान फिरवली.

"तूच बघून सांग," तो म्हणाला.

इंद्रायणीनं गाठ मारली आणि बोट निळं पडतंय का ते बघत बसली.