डावीकडे फिरलेली किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. शाळेच्या बसची. कोणी मला किल्ली म्हणतं, कोणी चावी. हाक कशीही मारा, मित्रांनो, मी ओ देते. सध्या माझा मुक्काम बालवाडीच्या खिडकीशेजारच्या एका खिळ्यावर आहे. मी इथे कशी आले ते सांगते. खरं तर हे बसनेच सांगायचं, पण तिचं सगळं आयुष्य खोकण्यातच गेलं.

माझा जन्म पितळेच्या पट्टीतून झाला. दात येताना तुम्ही घर डोक्यावर घेतलं असेल. मला सगळे दात एका मिनिटात आले, तेही कापून. माझ्याबरोबर माझी जुळी बहीण जन्मली. ती ऑफिसच्या कपाटात गेली आणि कायम चकचकीत राहिली. मी ड्रायव्हरकाकांच्या खिशात गेले आणि झिजले. त्याचं मला वाईट वाटत नाही. कामाची वस्तू झिजायचीच.

मला उजवीकडे फिरवलं की बसच्या पोटात डिझेल पेटायचं आणि मुलांनी भरलेली ती अवजड गाडी चालू लागायची. डिझेल म्हणजे काय, हे मला गॅरेजातल्या मिस्त्रीकडून कळलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे जीव होते. ते मेले, चिखलाखाली गाडले गेले, दबले, तापले आणि त्यांचं तेल झालं. त्या तेलातून डिझेल निघतं.

"एवढी वर्षं गुपचूप झोपलेलं असतं बघ," मिस्त्री काकांना म्हणाला, "आणि आपण त्याला उठवून पाच मिनिटांत त्याचा धूर करतो."

"तू नट आवळ," काका म्हणाले.

मी मात्र फुशारले. एवढ्या जुन्या झोपेला जाग आणणारी मी! आणि काका तरी माझं कौतुक किती करायचे. "आपली चावी म्हणजे एका फटक्यात काम," असं ते इतर ड्रायव्हरांना ऐकवायचे.

पण मला डावीकडे फिरवणं, म्हणजे बस बंद करणं, त्यांना नको वाटायचं. त्यालाही कारण होतं. एकदा भर चौकात बस बंद पडली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले आणि आतल्या पोरांनी "काका, म्हातारी झोपली!" म्हणून गलका केला. दमली होती बॅटरी, पण लाज वाटली काकांना. त्या दिवसापासून सकाळी सुरू केलेली बस ते दुपारपर्यंत बंद करेनात. पहिली फेरी संपली की दुसरी फेरी सुरू होईपर्यंत वीस मिनिटं ती शाळेच्या फाटकाशी नुसती घरघरत उभी. "गाडी गरम राहिलेली बरी," ते म्हणायचे. आणि तिचं धुराचं नळकांडं यायचं नेमकं बालवाडीच्या खिडकीखाली.

बालवाडीत एक मुलगी होती. काका तिला चिमणी म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणायचे. आईचा हात धरून चालत यायची आणि फाटकातून आत जाण्याआधी काकांना घरची बातमी सांगायची. मांजराला पिल्लं झाली. बाबांनी दाढी करताना गाल कापला. काल आई-बाबा भांडले, पण हळू आवाजात. तिची आई लाजून तिला ओढायची आणि काका स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायचे.

मग थंडी पडली आणि चिमणीची चिवचिव कमी झाली. दोन शब्द बोलली की खोकायची. "पोरांना सर्दी होतेच," असं ज्याने त्याने सांगितलं. तिच्या आईला मात्र असं सहजासहजी काही पटायचं नाही. ती बालवाडीच्या खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवायची, बोटाकडे बघायची आणि ते रुमालाला पुसायची. रुमाल रोज नवा आणि रोज काळा. एका सकाळी ती गुंडाळी केलेलं कॅलेंडर घेऊन बसच्या दाराशी आली. खोकल्याच्या प्रत्येक दिवसाभोवती तिने पेनने गोल काढला होता.

"काका, मागच्या महिन्यात तुमची बस चार दिवस आली नव्हती ना?"

"गॅरेजात होती. का हो ताई?"

"त्या चार दिवसांत एकही गोल नाही. सुट्टीच्या दिवशीही नाही. बघा तुम्हीच."

काकांनी कॅलेंडर पाहिलं, मग समोरचा रस्ता पाहिला. "ताई, अख्ख्या शहरात धूर आहे. माझ्या एकट्या म्हातारीवर का खापर फोडता?"

"शहराचा धूर माझ्या हातात नाही. हिचं नळकांडं माझ्या पोरीच्या डोक्यापासून दोन हातांवर आहे. इथे उभी असते तेवढा वेळ बंद ठेवा."

"आणि परत चालू झाली नाही तर? धक्का कोण मारणार, तुम्ही?"

"मारीन."

काका हसले. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला रागच आला. इतकी वर्षं उन्हातान्हात मुलांना सुखरूप आणलं, नेलं आणि आता आम्हीच वाईट? त्या दिवशी बस बंद झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आठवडाभराने चिमणी पुन्हा दाराशी आली. आवाज बसलेला, पण बातमी सांगायची हौस तेवढीच.

"काका, मी सोमवारपासून येणार नाही. आईने मोठ्या बाईंना सांगितलंय. आता ती मला घरीच शिकवणार." मग तिने दप्तरात हात घालून एक निळी वस्तू बाहेर काढली आणि उंच धरली. "आणि हे बघा! डॉक्टरांनी मला पंप दिला. तुम्ही गाडीला पंपावर नेता ना? आता मलापण पंप आहे. खोकला आला की दोनदा भरायचा."

काकांना तो किती आवडतो, ते बघत ती थांबली.

काकांचा हात माझ्यावर आला. मला वाटलं, खिशात रुमाल शोधतायत आणि हात चुकून लागला. पण त्यांनी मला डावीकडे फिरवलं.

बस थरथरली आणि गप्प झाली. अशी शांतता झाली म्हणून सांगू! खिडकीच्या आत मुलं एक ते दहा आकडे म्हणत होती. इतकी वर्षं मी तिथे रोज उभी होते आणि ते मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या फेरीची वेळ झाली. काकांनी मला उजवीकडे फिरवलं. टक्. पुन्हा फिरवलं. टक्. वर्गांतली मुलं खिडक्यांना लटकली. काकांचे कान लाल झाले. तेवढ्यात आरशात चिमणीची आई दिसली. तिने पर्स गळ्यात अडकवली होती आणि दोन्ही हात बसच्या पाठीला लावले होते.

"अहो ताई, राहू द्या!"

"मारीन म्हणाले होते ना? गिअर टाका तुम्ही."

एकटीने बस हलते होय? पण ती ढकलत राहिली. तिला बघून आणखी दोन आया आल्या, एक आजोबा आले आणि शेवटी मोठ्या बाईसुद्धा चष्मा सावरत आल्या. फाटकापुढचा रस्ता जरा उतरता होता. "एक, दोन, तीन!" म्हातारी हलली, घसरली, दोन आचके दिले आणि चालू झाली. चालू होताना तिने मागे असा काळाकुट्ट लोट सोडला की ढकलणाऱ्या सगळ्यांची तोंडं रंगली. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती तेवढी दोन गोरी वर्तुळं होती. पोरं हसून लोळायची बाकी राहिली.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच्या खिडकीकडे पाहिलं. "हे रोज आत जातं?" त्यांनी विचारलं. चिमणीच्या आईने फक्त रुमाल पुढे केला.

त्याच आठवड्यात बसला नवी बॅटरी बसली. मिस्त्रीने डिझेल फवारणाऱ्या नळ्या साफ केल्या आणि काकांना चांगलं सुनावलं. "तापलेलं इंजिन परत चालू करायला थेंबभर लागतं. आणि तू नुसतं उभं राहून बाटलीभर जाळत होतास, शहाण्या." या वेळी काकांनी त्याला नट आवळायला सांगितलं नाही.

"एक महिना शाळेत ठेवून बघते," चिमणीची आई म्हणाली. काकांनी बालवाडीच्या खिडकीशेजारी स्वतःच्या हाताने हा खिळा ठोकला. बस फाटकाशी आली की ते मला डावीकडे फिरवायचे, काढायचे आणि चिमणीच्या हातात द्यायचे. मी खिळ्यावर लटकलेली असेपर्यंत बस सुरू होणं शक्यच नव्हतं. चिमणीचा पहारा कडक होता. दुसरी एखादी गाडी उगाच घरघरत उभी राहिली की ती मला खिडकीत धरून हलवून दाखवायची. काचा वर करून बसलेले भले भले लोक निमूट इंजिन बंद करायचे.

महिना संपला तेव्हा आईने कॅलेंडर दाखवलं. गोल होते, पण चार-पाचच. पंप दप्तरातच राहिला, कारण शहराचा धूर काही एका बसचा नव्हता. चिमणीही राहिली.

पुढे म्हातारी भंगारात गेली. तिच्या जागी विजेवर चालणारी बस आली, तिला बटण आहे. काका सांगतात, सकाळी बसलं की त्यांचा हात अजून मला शोधतो. मलाही लोक विसरले. भिंतीला रंग लागला, माझ्यावर एक तक्ता आला आणि दोन वर्षं मी त्याच्यामागे अंधारात होते. परवा वरच्या वर्गातली एक उंच मुलगी आली आणि तिने तक्ता उचलला. "अगं बाई, अजून आहे ही!" आणि मग बालवाडीतल्या पोरांना गोळा करून ती जे बोलत सुटली ते मधली सुट्टी संपेपर्यंत. मध्ये एकदाही खोकली नाही. मी मोजत होते.

मित्रांनो, काळा धूर दिसतो, म्हणून त्याला शिव्या तरी बसतात. मिस्त्री सांगायचा, त्याच्याबरोबर एक न दिसणारा वायूही वर जातो, तो पांघरुणासारखा पृथ्वीभोवती बसतो, तिला तापवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या हटत नाही. विजेच्या बसचीही वीज कुठेतरी कोळसा जाळूनच बनत असेल, तर तिकडेही कोणीतरी बोट फिरवून बघायला हवं. ते काम मोठ्यांचं आहे आणि तुम्ही त्यांना विचारत राहा. पण आपल्या फाटकाशी गाडी उगाच घरघरत असेल, तर ती बंद करायला सांगणं तुम्हाला आजच जमेल. नम्रपणे सांगा. धक्का मारायची वेळ आली तर मारा.

आयुष्यात मी हजारो वेळा उजवीकडे फिरले. त्यांतली एकही वेळ मला वेगळी आठवत नाही. डावीकडे फिरले ती एक सकाळ मात्र आठवते. आत मुलं आकडे म्हणत होती आणि सातावर अडली होती.