एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. आकाराने बिस्किटाएवढा, वरच्या बाजूला एक भोक आणि मध्ये एक्केचाळीस हा आकडा. त्यातला एकचा आकडा जरा वाकडा आहे, कारण तो ठोकताना कारागिराला ऐन वेळी शिंक आली. कुलपे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात आम्हा साठ भावंडांना एकाच दुपारी पत्र्यातून कापून काढले, कानशीने कडा घासल्या आणि पिशवीत भरून डोंगरावर पाठवून दिले. कुलूप व्हायचे सोडून बिल्ला झालो, याचे मला सुरुवातीला वाईट वाटले होते. पुढे कळले की आमच्याकडेही राखणीचेच काम आहे.

आमचे घर म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशेजारच्या चौकीची बाहेरची भिंत. तिथे एक हिरवा लाकडी फळा होता आणि त्यावर साठ खिळे. नियम सोपा होता. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने एक बिल्ला सोबत न्यायचा आणि परत आल्यावर आपल्या हाताने त्याच खिळ्यावर लावायचा. संध्याकाळी खिळा रिकामा दिसला, म्हणजे कोणीतरी अजून वर आहे. मग शोधपथक निघायचे. फळा भरलेला दिसला, की फाटक बंद.

मी हजारो लोकांबरोबर डोंगर चढलो. धबधब्यावर निदान सातशे वेळा गेलो असेन, पण तो पाहिला एकदाच. बाकीच्या वेळी खिशातून नुसता ऐकला. खिशात राहून दृश्य दिसत नाही, माणसे मात्र चांगली कळतात. कडा चढणाऱ्यांच्या खिशात खडूची पूड असते. फोटो काढणाऱ्यांच्या खिशात सतराशे साठ वस्तू असतात आणि हवी ती कधीच सापडत नाही. तळ्यावर तंबू ठोकून दिवस काढणाऱ्यांच्या खिशात ओले मोजे असतात. त्याविषयी मी जास्त बोलत नाही. एका मुलीने मात्र मला बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातले. त्या दिवशी मी धबधबा, तळे आणि पाणी प्यायला आलेली हरणे असे सगळे एकदम पाहून घेतले.

आमचे कौतुकही झाले. एकदा सतरा नंबरचा खिळा रिकामा राहिला, म्हणून घळीत पडलेला एक गिर्यारोहक जिवंत सापडला. वर्तमानपत्रात सतरा नंबरचा फोटो आला आणि त्यानंतर तो महिनाभर आमच्याशी नीट बोलला नाही. एका पाहुण्याने अडतीस नंबर आठवण म्हणून खिशात घालून घरी नेला. इकडे दहा माणसे दिवसभर रान तुडवत राहिली. आठवड्याने टपालातून अडतीस नंबर परत आला. सोबत चिठ्ठी होती, 'फार सुंदर जागा आहे. क्षमस्व.' थोडक्यात सांगायचे, तर फळा जे म्हणेल ते खरे, असे सगळे मानू लागले. माझीही छाती फुगली होती, हे कबूल करतो.

आता माझा तोरा उतरला, त्या दिवसाबद्दल सांगतो.

सकाळी एक वयस्क जोडपे आले. ते निवृत्त स्टेशनमास्तर, आणि सोबत त्यांची बायको. फाटकावरच्या वनरक्षक ताईंनी बिल्ल्यांचा नियम सांगताच मास्तर खुलले.

"आमच्या एकेरी लाइनीवर असंच होतं, ताई. टोकन हातात आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. अडतीस वर्षांत एकदासुद्धा चूक नाही!"

"मग तुम्हाला काय सांगायचं, मास्तर!" ताई हसल्या.

मास्तरांनी चाळीस नंबर घेतला, काकूंसाठी मला घेतले आणि दोघांनाही स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात टाकले. तिथे आधीच दोघांची तिकिटे, दोघांचे चष्मे आणि हॉटेलच्या खोलीची किल्ली होती. काकूंकडे दिले तर हरवेल, असा त्यांचा हिशोब होता. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी तो विषय सोडून दिला असावा.

दिवस छान गेला. निदान खिशातून तरी तसे वाटले. धबधबा ऐकला, तळ्यावर होडीची वल्ही ऐकली. तिसऱ्या प्रहरी वरच्या कड्यावर मास्तर चुळबुळ करू लागले.

"अगं, चल आता. साडेपाचची शेवटची बस आहे."

"अहो, आत्ता कुठे तीन वाजलेत. ही बस काय तुम्हाला सोडायची आहे का? ड्रायव्हर सोडेल की!"

"माझी गाडी आजपर्यंत चुकलेली नाही."

"मग व्हा तुम्ही पुढे. घार पिल्लांना भरवतेय, ते बघते आणि आलेच."

मास्तर पुढे झाले. आम्ही दोघे बिल्ले त्यांच्या खिशात होतो आणि त्याची आठवण त्यांनाही राहिली नाही, काकूंनाही नाही.

पाचच्या सुमारास आम्ही फाटकावर पोचलो. तिथे शाळेच्या सहलीची झुंबड उडाली होती. ताई मुलांना ओळीत उभे करण्यात गुंतल्या होत्या. मास्तरांनी खिशात हात घातला तेव्हा दोन बिल्ले हाती आले. ते क्षणभर थबकले. "येईलच ती पाठोपाठ," असे पुटपुटत त्यांनी चाळीस नंबर लावला आणि मग मलाही लावून टाकले.

पाच वाजून आठ मिनिटांनी ते परत फळ्यापाशी आले. समोर थांब्यावर घड्याळ असल्यामुळे मला मिनिटे आठवतात. वरून धुके उतरत होते.

"ताई, आमची मंडळी आली का हो?"

"काकूंचा नंबर काय?"

"एक्केचाळीस."

ताईंनी माझ्याकडे पाहिले. "मग आल्यात की! हा काय बिल्ला. बसमध्ये बसल्या असतील."

मास्तरांनी तोंड उघडले आणि मिटले. शेजारी ताईंचे दोन सहकारी उभे होते. सकाळचे ते टोकनाचे भाषण त्यांनीही ऐकले होते. मास्तर मुकाट्याने बसकडे गेले. प्रत्येक खिडकीतून डोकावले. वाटेच्या वळणापर्यंत जाऊन हाका मारल्या. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"नाहीये ती बसमध्ये."

"मग आधीच्या बसनं हॉटेलवर गेल्या असतील," ताई समजावत म्हणाल्या. "फळा भरलाय, मास्तर. फळा चुकत नाही."

मित्रांनो, मला तेव्हा खिळ्यावरून खाली पडावेसे वाटले. पण खिळा चांगला वाकवलेला होता. शोधपथकातले तिघे हातपाय धुऊन त्याच बसमध्ये चढत होते. ते खाली गावात राहत. एकदा बस गेली की सकाळपर्यंत वर जाणारे कोणी उरणार नव्हते, आणि वर धुक्यात थंडी वाढत होती.

साडेपाच वाजले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. "आजोबा, येताय ना?"

मास्तरांचा एक पाय पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला.

"थांबवा!" ते ओरडले. "तो बिल्ला मी लावलाय. तिचा. माझ्या हातानं लावलाय. ती अजून वरच आहे हो!"

ताईंनी मला खिळ्यावरून काढले, चौकीची घंटा वाजवली आणि मला पथकाच्या म्होरक्याच्या हातात दिले. "हा काकूंना द्या. त्याच लावतील."

सात वाजायच्या सुमारास आम्हाला काकू सापडल्या. धुक्यात त्या डावीकडच्या चुकीच्या वाटेला लागल्या होत्या आणि पाय मुरगळून एका खडकाच्या आडोशाला बसल्या होत्या. दातांवर दात वाजत होते. म्होरक्याने त्यांना घोंगडी गुंडाळली.

"हे बसले का हो बसमध्ये?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"नाही, काकू. फाटकावर उभे आहेत."

"आणि बस?"

"गेली."

"यांनी गाडी सोडली?" काकू म्हणाल्या, आणि एवढा वेळ धीराने बसलेली ती बाई तिथे रडू लागली.

त्या रडत असतानाच मला त्यांच्या मुठीत दिले गेले. मूठ थंडगार होती. खाली येईपर्यंत त्यांनी मला सोडले नाही.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. डोंगरावर जाणाऱ्यांच्या मनगटावर हल्ली पट्टी बांधतात आणि कोण कुठे आहे ते पडद्यावर दिसते. आम्ही साठ जण ताईंच्या कपाटात एका डब्यात आहोत, काळवंडलेले. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. आम्हाला घासून चकचकीत करा, असेही मी म्हणणार नाही. मागणे एवढेच, की आपला बिल्ला आपल्या खिशात ठेवा आणि दुसऱ्याचा त्याच्या खिशात राहू द्या. तरीही एखादे दिवशी तुमच्याकडून चूक होईल. त्या वेळी मास्तरांची आठवण ठेवा. सांगायला त्यांना बावीस मिनिटे लागली. ती बावीस मिनिटे मी भिंतीवर लटकून खोटी साक्ष देत होतो आणि मला एक शब्दही उच्चारता येत नव्हता. तुम्हाला बोलता येते.