पाचव्या दिवसाचं एरंडेल

“आज पाचवा दिवस,” सासूबाई न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून म्हणाल्या. “पोटाला असं कुलूप लावून चालतं का कुठं?”

खरं कुलूप लागलं होतं जबड्याला. कारखान्यात यंत्राचा दांडा लागून माझ्या नवऱ्याचा जबडा मोडला आणि डॉक्टरांनी वरखालचे दात तारेनं बांधून टाकले. सहा आठवडे नळीनं दूध, रस, गाळलेलं सूप. बाकी माणूस ठणठणीत होता.

“आई,” मी म्हणाले, “पोटात चोथाच जात नाही, तर बाहेर काय येणार? डॉक्टर म्हणालेत, असं होतंच.”

“डॉक्टरांनी वाढवलंय का याला?”

चारही मुलं सासूबाईंनी पोटावर डोळा ठेवून वाढवली. परीक्षा असो की लग्न, आधी पोट साफ. नवऱ्यानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी हसतच शिवणाच्या दुकानात गेले.

दुपारी जेवायला घरी आले, तर तो मोरीवर ओणवा झालेला. ओकारी येत होती आणि तोंड उघडत नव्हतं. नाकातून दूध येत होतं. चेहरा काळानिळा. सासूबाई त्याची पाठ चोळत होत्या, हातात एरंडेलाची बाटली.

“दुधातून दिलं रे देवा, थोडंसंच दिलं…”

कसाबसा खिळ्यावरचा तारा कापायचा चिमटा ओढला आणि तारा तोडल्या. आयुष्यभर कापड कापलं, पण त्या चार तारांनी माझा जीव काढला. तोंड उघडलं, सगळं भडभडून पडलं आणि त्यानं श्वास घेतला.

दवाखान्यात डॉक्टर भडकले. “एरंडेल कोणी दिलं?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि ओकारी आली की तारा तोडायच्या, त्यासाठी चिमटा दिलाय, हे घरात सांगितलं नव्हतं?” ते माझ्याकडे बघत होते.

नव्हतं सांगितलं. उगाच घाबरतील म्हणून चिमटा खिळ्याला अडकवला आणि विषय संपवला.

“हिनं सांगितलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “दोनदा सांगितलं. माझ्याच डोक्यातून गेलं.”

डॉक्टर त्यांना शाळेतल्या मुलीसारखं झापत राहिले. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी शेजारीच उभी होते आणि गप्प होते.