कडू आली का?

श्वासावर लक्ष ठेवा म्हणे! श्वास काय कुठं पळून चाललाय का? मी मनातल्या मनात लई चरफडत होते. विद्यापीठात तीन दिवसांचं मौन शिबिर होतं. बोलायचं नाही आणि मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. मी बसले होते ती फक्त माझ्या रूममेटसाठी, श्रेयासाठी.

तिची आई सिल्लोडला दवाखान्यात होती. श्रेयाला ना बाप, ना भाऊ-बहीण. जेवणाचं ताट तसंच सारायची, कुणाशी बोलायची नाही. शेवटी आईच फोनवर म्हणाली, "जा गं शिबिराला. मला बरं वाटतंय आता. मंगळवारी घरी सोडणार हायेत." तेवढ्यावर पोरगी हसली. किती दिवसांनी हसली!

तिचं मूळ नाव कडूबाई. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून आईनं हिला कडू केलं. कडू जिन्नस मरणालाही नको वाटतो, असं आमच्याकडं मानतात. कॉलेजात पोरं चिडवायची, म्हणून तिनं गॅझेटमध्ये नाव बदलून श्रेया केलं. आई म्हणाली, "कागदावर काय बी लिही. मी कडूच म्हणणार. तुला काय व्हाया नको." होस्टेलवर हे फक्त मला माहीत होतं.

शिबिर संपलं. श्रेयाचा चेहरा खरंच निवला होता. "मंजुषा, हे मी आईला शिकवणार," ती म्हणाली आणि तिनं मोबाइल चालू केला. तो थरथरतच राहिला. सगळे फोन सांडूमामाचे.

आदल्या दिवशी पहाटेच आईची तब्येत एकदम बिघडली होती. फोन लागेना म्हणून मामा पहिल्या एसटीनं इकडं आला. होस्टेलच्या गेटवर म्हणाला, "आमच्या कडूला बोलवा, कडूबाई जाधव." गेटवरच्या बाईनं रजिस्टर पाहिलं. जाधव ढीगभर, पण कडूबाई एकही नाही. भाचीचं नवं नाव काय, ते मामाला काही केल्या आठवेना. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींची तोंडं बघत बिचारा दिवसभर उन्हात उभा राहिला. आणि आम्ही तिथून हाकेच्या अंतरावर डोळे मिटून बसलेलो! आग लागो त्या शांततेला.

मामा दवाखान्यात परतला, तेव्हा आईनं विचारलं, "कडू आली का?"

"मागच्या गाडीनं येतीय," मामा म्हणाला. आई दाराकडं बघत बघतच गेली.

तेराव्यानंतर श्रेया होस्टेलवर आली. पिशवी खाली ठेवली आणि माझ्या कॉटवर येऊन बसली. डोळे कोरडे ठाक.

"मंजू, मला कडू म्हण ना एकदा. आईसारखं तसं म्हणणारं आता कुणी राहिलं नाही गं."

मी तिला जवळ घेतलं. कसंबसं म्हणाले, "कडू, आलीस का?"

"आले गं आई," ती म्हणाली.