सुरगाठ

"निरगाठ मार, रत्ना. चांगली करकचून," कॅरोल म्हणाली. "गेल्या रविवारी भाषणाच्या मध्येच जेनीची दोरी सुटली. लोक हसले. आज कुणी हसता कामा नये."

"यस, मॅडम," रत्नाबाई म्हणाल्या.

कॅरोलच्या डोक्यावर पितळी मुकुट होता, अंगात जांभळ्या मखमलीचा झगा. त्या झग्याची कंबर रत्नाबाईंनीच दोनदा उसवून सैल केली होती. अमेरिकेतल्या ट्रॉय शहराच्या उत्तरेला, गाडीनं तासाभरावर, एका माळावर दर उन्हाळ्याच्या शेवटी शनिवार-रविवारी जुन्या इंग्लंडची जत्रा भरे. साडेचारशे वर्षांपूर्वीचं गाव उभं राही. लोहाराचा भाता, पाववाल्यांची भट्टी, पायात येणाऱ्या कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर राणी मेरी ट्युडर. राणी व्हायची कॅरोल. जत्रेची मालकीणही तीच.

शिवणाच्या तंबूत एक कागद टांगलेला होता: त्या राज्यात कुणी काय ल्यायचं. जांभळं राणीच्या घरच्यांनी, मखमल सरदारांनी, गोरगरिबांनी जाडीभरडी लोकर. रत्नाबाईंचं इंग्रजी जेमतेम, पण तो कागद त्यांना पहिल्याच दिवशी कळला. कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

जेनी हात मागे घेऊन उभी होती. कॉलेजात शिकणारी बावीस वर्षांची पोर. नाटकात ती पाववाल्याची बायको, रोज चार वाजता जाळली जाणारी.

"हिचा गुन्हा काय गं?" रत्नाबाईंनी घागऱ्याचं माप घेताना एकदा विचारलं होतं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

"तिला धर्माचं पुस्तक आपल्या भाषेत वाचायचं होतं. राणीचा भाऊ राजा होता तेव्हा ते वाचणं पुण्य होतं. बहीण राणी झाली आणि तेच पाप झालं."

"आणि लाकडं? कोण आणतं?"

"शेजारी," जेनी सहज म्हणाली होती. रत्नाबाईंची सुई तिथल्या तिथे थांबली होती.

त्यांनी तो खेळ कधी पाहिला नव्हता. चार वाजले, माळावरून "जाळा! जाळा!" असा ताल धरलेला ओरडा आला, की त्या मशीनवर बसायच्या आणि पाय जोरात मारत स्वतःशीच म्हणायच्या:

सुईच्या मागं दोरा, दोऱ्याच्या मागं बोट,
नणंदबाईच्या चोळीला शिवते मी लाल गोट.

नणंदबाई शोभना. ती जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा. परभणीकडचं गाव. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, आणि गाव रॉकेलचे डबे घेऊन वस्तीवर चालून आलं. पहिला पेटता बोळा ज्यानं फेकला त्याच्या अंगात रत्नाबाईंनीच शिवलेला सदरा होता. त्याची कॉलर नीट बसावी म्हणून त्यांनी दोन दिवस घातले होते. छप्पर पेटलं. शोभना मशीन काढायला आत धावली, "वहिनी, मशीन गेलं तर खायचं काय?" म्हणत, आणि बाहेर आली ती ज्वाळा होऊनच. लुगडं ओढून फेकता आलं. पण परकराच्या नाडीला निरगाठ होती. ओढली तशी ती आवळतच गेली. रत्नाबाईंनी नखं लावली, दात लावले. नाडी जळून तुटली तेव्हाच गाठ सुटली. त्यांचा सात वर्षांचा मुलगा अनुप हौदाच्या कडेला उभा राहून हे बघत होता.

तेव्हापासून रत्नाबाईंच्या हातून निरगाठ पडली नाही. लेकाचा पायजमा, लोणच्याच्या बरणीचा दादरा, नातीच्या फ्रॉकचा पट्टा, सगळ्याला सुरगाठ. एक टोक ओढलं की मोकळं.

आताही कॅरोल डोक्यावर उभी असताना त्यांनी जेनीच्या मनगटांना सुरगाठच घातली. फक्त सुटणारं टोक दोन वेढ्यांखाली खोचून टाकलं. वरून दिसायला अस्सल निरगाठ. कॅरोलनं बोट घालून हिसका दिला. दोर हलला नाही.

"परफेक्ट."

ते टोक रोज जेनीच्या मुठीत असे. पंख्यानं रेशमी ज्वाळा उडाल्या, धूर झाला, की ती ते ओढी आणि फळीखालच्या खड्ड्यात उतरून जाई. आज टोक कुठे आहे हे तिला सांगायचं राहिलं, कारण राणी तंबूतून हलेना. नंतर सांगू, असं रत्नाबाई मनाशी म्हणाल्या.

मग टोपीची अडचण निघाली. पाववालीची पांढरी टोपी दुपारी गर्दीत पडून पायाखाली तुडवली गेली होती. रत्नाबाईंनी पिशवीतून स्वतःची चॉकलेटी ओढणी काढली, जेनीच्या डोक्याभोवती घेतली, हनुवटीखालून नीट खोचली. कडाक्याच्या थंडीत नातीला बांधतात तशी.

"ऊबदार आहे," जेनी हसून म्हणाली. तेवढ्यात शिपाई आले आणि तिला घेऊन गेले.

ती ओढणी पिशवीत गेली होती ती अनुपमुळे. न्यूयॉर्कचे मनोरे मंगळवारी पडले होते, आणि हा त्यानंतरचा पहिला शनिवार. सकाळी अनुप गाडीच्या काचेला छोटा अमेरिकन झेंडा लावत होता.

"आई, आजचं कॅन्सल कर ना. लोकांची डोकी फिरलीत. काल गॅस स्टेशनवर एकजण माझ्याकडे बघून थुंकला."

"म्या कुणाचं काय केलंय रे लेकरा?"

"केलं नसशील गं. पण ती ओढणी तरी डोक्यावरून घेऊ नको, प्लीज. त्यांना ओढणी आणि हिजाब यातला फरक कळत नाही."

"तवा तरी आपुन कुणाचं काय केलं होतं?"

झेंड्याची क्लिप अनुपच्या बोटांतून निसटली, ती त्यानं पुन्हा बसवली.

मुलानं त्यांच्या डोक्याचं सांगितलं होतं. दुसऱ्याच्या डोक्याचं त्यांना सुचलं नाही.

चार वाजले. रत्नाबाई मशीनवर बसल्या, पण पाय चालेना. बाहेरच्या ओरडण्याला आज ताल नव्हता. खेळातला ओरडा एकदम उठतो, एकदम बसतो. हा तुटक येत होता, घोगरा, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून. असा ओरडा त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता. त्या उठल्या आणि तंबूचं कापड वर केलं.

जेनी खांबाशी उभी होती, मागे बांधलेली मनगटं खांबाच्या आकड्यात अडकवलेली, पायाशी वाळलेल्या फांद्या आणि गवत. तिचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हता.

"जा तुझ्या देशात!" कुणीतरी किंचाळलं.

रत्नाबाईंना इंग्रजीतला 'देश' कळत होता. इंग्लंडातल्या पाववालीला तिच्या देशात जा असं कोण म्हणेल? मग त्यांची नजर जेनीच्या डोक्यावरच्या आपल्या ओढणीवर गेली.

पहिल्यांदा सफरचंद आलं. लोक हसले. मग बिअरची बाटली आली. ती जेनीच्या कपाळावर फुटली, आणि ओढणीच्या काठाखालून रक्ताची धार डोळ्यात उतरली. लोक तरी हसलेच. त्यांना ते रंगवलेलं वाटलं असावं, किंवा वाटलं नसावं.

कॅप घातलेला एक दांडगा माणूस प्रेक्षकांपुढचा दोरखंड ओलांडून आत शिरला. त्यानं मशाल धरून उभ्या जल्लादाच्या तोंडावर कोपर मारलं. जल्लाद झालेला पोरगा दात धरून गुडघ्यांवर बसला. माणसानं मशाल उचलली. मशाल खरी होती, नाटकात तेवढीच आग खरी. ती त्यानं फांद्यांत खुपसली आणि बुटानं आत दाबली.

महिनाभर ऊन खाल्लेलं गवत. भडकाच उडाला.

सहा शिपाई भाले धरून उभे होते. जत्रेचा नियम असा, की राणीनं हातातला पांढरा रुमाल खाली टाकल्याशिवाय खेळात कुणी जागचं हलायचं नाही. सहाही जणांनी राणीकडे पाहिलं. राणी उंच खुर्चीत बसून होती, तोंड उघडं, रुमाल मुठीत घट्ट आवळलेला.

"ओढ गं पोरी! टोक ओढ!" रत्नाबाई ओरडल्या, मराठीत. जेनी मनगटं हिसडत होती. निरगाठ आहे असंच तिला वाटत होतं.

बावन्न वर्षांच्या रत्नाबाई धावल्या. कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं, कुणीतरी केस धरले, केसांचा पुंजका त्याच्या हातात ठेवून त्या पुढे गेल्या. खांबामागे पोचल्या तेव्हा जेनीच्या घागऱ्याची खालची किनार पेटली होती. ज्वाळा खांबाला वळसा घालून येत होत्या. रत्नाबाईंनी आगीत हात घातला आणि बोटांनी वेढे चाचपले. एक वेढा. दुसरा. कातडी तडतडली. तोच वास आला, तेवीस वर्षांपूर्वीचा. टोक सापडलं. ओढलं.

दोर गळून पडला.

जेनी बाजूला कोसळली. रत्नाबाईंनी तिच्या कमरेची नाडी ओढली. तीही सुरगाठ. पेटलेला घागरा भप्पकन खाली बसला, आणि त्यांनी त्या पोरीला बगलेत धरून मातीत लोळवलं.

आणि टाळ्या वाजल्या.

पुढच्या रांगांत लोक उभे राहिले. कुणी शिट्टी मारली. मग जेनी ओरडली. त्या ओरडण्याला नाटकातल्यासारखा शेवटच येईना, तेव्हा टाळ्या एकेक करून विरल्या. सगळ्यात शेवटी राणीच्या मुठीतून रुमाल पडला, आणि शिपाई धावले.

पोलिसांनी त्या माणसाला पालथा पाडून बेड्या घातल्या. तो रडत होता. "मंगळवारी माझा भाऊ... माझा भाऊ..." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. रत्नाबाईंनी त्याच्या शर्टाकडे पाहिलं. का पाहिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. विकत घेतलेला, कारखान्यात शिवलेला शर्ट होता.

संध्याकाळी उजेड असतानाच अनुप हॉस्पिटलात पोचला. रत्नाबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते.

"पोरगी?" त्यांनी विचारलं.

"पाय भाजलेत. पण वाचेल म्हणतात. कपाळाला टाके पडलेत."

"माझी वढणी होती रे तिच्या डोक्यावर. मीच बांधली. म्याच."

"आई, तू नव्हे. मशाल त्यानं लावली."

त्यांनी हातांच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर हाताचं काय म्हणाला?"

अनुप खिडकीकडे बघत राहिला. "बोटं वळतील थोडीफार. सुई धरणं... बघू म्हणाला."

त्यांनी मान हलवली, जशी कापड कमी पडेल असं गिऱ्हाईकाला सांगताना हलवत.

नर्सनं त्यांना हॉस्पिटलचा झगा घातला होता. त्याच्या पाठीवरच्या नाड्या सुटून लोंबत होत्या. अनुप मागे गेला, झगा सारखा केला आणि नाड्या बांधायला घेतल्या. अर्धी गाठ आवळून झाली, दुसरी घेणार तोच त्याचा हात थांबला.

आईची मान खाली होती, केसांचा एक पुंजका निघालेला, तिथली कातडी लाल.

त्यानं गाठ सोडली. पुन्हा घेतली, सावकाश, फास अर्धाच ओढून. सात वर्षांचा असताना तिनं ओट्यावर बसवून शिकवली होती तशी. मग सुटणारं टोक त्यानं लांब राखलं, तिच्या कुशीवरून पुढे आणलं, आणि पट्ट्यांनी जाड झालेल्या तिच्या तळहातावर ठेवलं.