परसातला ओहोळ

तो दगड फार शहाण्यासारखा बसला होता. मुठीएवढा, करडा, अंगावर एक पांढरी रेघ — आणि ती रेघ नेमकी वर, शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत बसवलेल्या मुलाच्या भांगासारखी. तिनं उकिडवं बसून त्याच्याकडे पाहिलं, उचलला, रेघ खाली केली, पुन्हा ठेवला. आता तो रुसून पाठ फिरवल्यासारखा दिसायला लागला. शी! सकाळपासून हेच चाललं होतं — उचल, फिरव, ठेव, मागं सरकून बघ, पुन्हा पुढं ये — आणि ओहोळ काही ओहोळ दिसायला तयार नव्हता. परसात दगड मांडलेत आणि मधून पाणी सोडलंय, एवढंच दिसत होतं. आणि दुपारी तर ठमी येणार.

ठमी म्हणजे नवऱ्याची मुलगी, पहिल्या बायकोची. ठमी हे बापानं ठेवलेलं नाव. बाप अजून मोठ्यानं हाक मारतो, 'ठमे, ए ठमे', आणि ती एवढी घोडी झाली तरी ओ देते. हिनं ते नाव मनात खूप वेळा घेऊन पाहिलं होतं, पण जिभेवर आलं की उसनं वाटायचं, म्हणून तोंडानं नुसतं 'अगं'. लग्न होऊन ही या घरात आली तेव्हा ठमी बॅग भरून वसतिगृहाला निघालेली. मग सुट्ट्यांपुरतं येणं, मावशी म्हणणं, आपलं ताट आपण घासून ठेवणं. आता तिला याच शहरात नोकरी लागली आहे. दोन दिवस येऊन बघते, म्हणाली बापाला, मग ठरवते, घरी राहायचं की मैत्रिणीबरोबर खोली घ्यायची. बघते म्हणजे काय बघणार? घर तिचं, भिंती त्याच, खिडकीचं ते न लागणारं दारसुद्धा तेच… बघायचं उरलं कोण, तर मी. आणि मला ती इथे हवी आहे. उगाच का खोटं बोलू? लोक काय म्हणतील ते आहेच, सावत्र आली आणि पोर घराबाहेर गेली म्हणतील, पण ते नंतरचं. रात्री जेवताना तिची खुर्ची रिकामी असते ते मला आवडत नाही.

ओहोळाचं खूळ फोनवरून डोक्यात शिरलं. ठमी वसतिगृहातून बापाशी बोलत होती, फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवलेला, ही भांडी पुसत होती. 'बाबा, माझ्या खिडकीमागे एक ओहोळ आहे, रात्रभर वाहतो, आता त्या आवाजाशिवाय मला झोपच यायची नाही.' बाप हसला, 'मग इथे नळ चालू ठेवू का?' झालं. तो विसरला, हिच्या हातातली बशी मात्र कितीतरी वेळ पुसलीच जात राहिली.

आणि हे जमायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तरी हिला! आयुष्यभर कवळ्या केल्या. दाताचे डॉक्टर साचे पाठवतात, ती लॅबमध्ये बसून गुलाबी मेणात एकेक दात लावते, आणि खोटं खरं कशानं दिसतं ते तिच्या बोटांना पाठ आहे. सगळे दात सरळ लावले की माणूस हसताना पेटी उघडल्यासारखा दिसतो. एक दात किंचित वळवायचा, एखाद्याची कड झिजवायची, म्हाताऱ्या माणसाला पांढरेशुभ्र दात द्यायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाची हिरडी: दात हिरडीतून उगवल्यासारखा दिसला पाहिजे, वरून चिकटवल्यासारखा नाही. तसंच इथे. चर खणून खाली काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, खालच्या टोकाला टब पुरून त्यात पंप ठेवला, पंपाची नळी मातीखालून वर आणून एका मोठ्या दगडाच्या पोटात लपवली. कागदाची कड म्हणजे हिरडी. ती दिसली की संपलं. तिनं कडेवर माती ओढली, गवताची ढेकळं बसवली, दगड अर्धे पुरले. काही दगड मुद्दाम वाकडे लावले… मुद्दाम. आणि आता उभी राहून बघते तर सरळ, सरळ, वाकडा. सरळ, सरळ, वाकडा. हात कवळीच लावत गेला होता! कुणाला दिसो न दिसो, तिला अख्ख्या परसाचा जबडा दिसत होता.

तिनं पंप लावला.

"अगं, नळ चालू राहिलाय बघ!" नवरा आतून ओरडला.

"नळ नाहीये तो!"

"मग काय फुटलंय?"

तो दारात येऊन उभा राहिला, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर ते नेहमीचं मिस्कील हसू. "अच्छा. पाटबंधारे खात्याचं काम चालू आहे. उद्घाटन किती वाजता?" तिनं वर पाहिलंच नाही. त्याला काय, तो बाप आहे. तो ठमीला वाटेल ते बोलतो, मागं एकदा परीक्षेच्या मार्कांवरून केवढा बोलला होता, ती दार आपटून गेली, आणि संध्याकाळी दोघं एकाच ताटलीतले शेंगदाणे खात बसली होती. हिनं तर साधं 'उशीर झाला गं' म्हणतानाही आधी आवाज तपासून घ्यायचा. जास्त गोड झाला का? टोमणा तर नाही ना वाटला? एकदा ठमीनं ओला टॉवेल हिच्या नव्या चादरीवर टाकला होता. हिनं हसून उचलला. अजून आठवतं — हसून.

पाणी पडत होतं तिथं तिनं एक चपटा दगड तिरका सरकवला. आवाज बदलला. आणखी थोडा. आता धार फुटून दोन झाल्या, एक जाड, एक बारीक, आणि नळाचा आवाज जाऊन काहीतरी दुसरंच, अर्धवट पुटपुटल्यासारखं ऐकू यायला लागलं. तिनं श्वास रोखला. हात काढला. राहिलं! गुडघे दुखत होते, नखांत चिखल गेला होता, आणि तिला एकदम हसू आलं. एवढा एक दगड जमला होता.

ठमी आली ती दमलेली, बॅग दारातच टाकून. चहा झाला, प्रवास झाला, बापलेकीची थट्टा झाली, आणि मग बापानंच हात धरून तिला मागं नेलं. ही दोन पावलं मागं, पदराला हात पुसत, पुसलेलेच हात.

ठमीनं पाहिलं. मान डावीकडून उजवीकडे नेली.

"छान झालंय मावशी. अगदी खरा वाटतो."

छान. डॉक्टरांनी कवळी घ्यायला पाठवलेली किती माणसं लॅबच्या बाकावर बसून गेली, आरशात बघून 'छान झाली हो कवळी' म्हणाली, घरी जाऊन वाटीत पाणी घालून तिच्यात ठेवून दिली, आणि जेवताना मात्र हिरड्यांनीच चावली. पुन्हा आलीच नाहीत. येतात ती कटकटी. 'बाई, इथे टोचतंय, काय केलंय हे, दोन दिवस जेवलो नाही.' ती खरी घालणारी. ठमी तिला कधीच टोचतंय म्हणाली नव्हती. भाजी छान, पडदे छान, वाढदिवसाला घेतलेला ड्रेस छान. तो कपाटात घडीसकट आहे, हिनं पाहिलाय… जाणार ठमी. मैत्रिणीच्या खोलीत जाणार, आणि जातानाही छानच म्हणणार.

ही आत येऊन कप विसळायला लागली. खिडकीतून परस दिसत होतं. ठमी फोनवर बोलत ओहोळाशी उकिडवी बसली होती, अनवाणी. "हो, खोली बघून घे ना तू… नाही, मी सांगते तुला… हो गं, कळतंय, आजच सांगते." बोलता बोलता तिचा मोकळा हात पाण्यात गेला. एक दगड उचलला, दुसऱ्यावर ठेवला. मग आणखी एक. लहान मुलं करतात तसा बांध. पाणी तुंबलं, फुगलं, कडेला वाट शोधत गेलं. मग ठमीचा हात त्या चपट्या दगडाकडे गेला, आणि तिनं तो सहज, बघितलंही नाही, उपटून बांधावर थापला.

पुटपुट थांबली. नळ सुरू झाला.

"अगं ए! हात लावू नकोस त्याला!"

हा आवाज कुणाचा? खिडकीची काच थरथरली असेल. ठमीचा फोन कानापासून सुटला. "काय झालं?"

"काय झालं काय? सकाळपासून कंबर मोडून लावलाय तो दगड! आणि ते बघ, माती चाललीय सगळी, कागद उघडा पडला — कोण निस्तरणार हे?"

"मी निस्तरीन! ओरडताय काय एवढं? दगडच तर आहे!"

"दगडच तर आहे म्हणे! आणि पायात चप्पल घाल आधी, काचा आहेत तिकडे!"

"घालते!" ठमी ओरडली, आणि घातली नाही.

पाणी बांधावरून सांडून गवतात शिरलं होतं, पायरीच्या कडेनं वाट काढत, जरा थांबून, पुन्हा पुढं. तिनं आखली नव्हती अशी वाट. आतल्या खोलीतून नवऱ्याची चाहूल येते का, ते ऐकत ती ओट्याशी उभी राहिली. तो आला नाही, शहाणा. नळाखाली कप भरून वाहत होता. आता बाहेर जायचं, हसायचं, राहू दे गं म्हणायचं, मी उगाच… शब्द तयार होते, नेहमीच असतात. ते तोंडापर्यंत आले आणि तिथेच अडले. कारण तिला खरंच राग आला होता. आणि हा राग सावत्र आईचा नव्हता, शहाण्या बाईचा नव्हता. चिखल करून वर तोंड करणाऱ्या पोरीवर येतो तो, साधा.

बाहेर ठमी फोनवर म्हणत होती, "थांब, नंतर बोलते… नाही, अजून काही नाही सांगितलं… इथे राडा झालाय, आमच्या मावशी भडकल्यात." मग फोन बाकावर आपटून तिनं तोच चपटा दगड दोन्ही हातांनी उचलला, धारेखाली धरला, उलटा केला, सुलटा केला. "कसा होता हा?" ती खिडकीकडे न बघताच ओरडली, "सांगाल का नुसत्याच ओरडाल?"

सांगते की. जरा थांब. तिनं नळ बंद केला नाही. राग उतरून पुन्हा ते जपलेलं हसू आलं तर काय करू, या भीतीनं ती तशीच उभी राहिली, ओले हात ओट्यावर टेकून, आणि बाहेरचा तो चुकीचा आवाज ऐकत राहिली.